जपानी गाण्याखालचं नाव

नागपूरच्या एका स्टुडिओवाल्याने माझा आवाज एका चित्रातल्या पोरीला देऊन टाकला. ते मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही. पोरगी जांभळ्या केसांची, डोळे कपाळापर्यंत, हातात तलवार. तिच्या तोंडून माझा आवाज निघायचा, तोही जपानी भाषेत, आणि खाली कुठकुठली माणसं लिहायची की वा, काय गायलीस. तिला लिहायची. मी इथे आर्णीत बसून ते वाचायचे.

माझी गाण्याची पार्टी आहे. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, नामकरणं, वाढदिवस, सगळं करतो. सुरुवात दुसऱ्याच्या पार्टीत मागच्या रांगेत टाळ्या वाजवण्यापासून झाली. आज ढोलक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, आवाजाचे डबे आणि ते सगळं वाहून नेणारी गाडी माझी स्वतःची आहे. हे मला कोणी दिलं नाही. मी भांडून, घासाघीस करून उभं केलं. कार्यक्रम ठरवताना मी रकमेचं नंतर बोलते. आधी विचारते, माझं नाव कुठे लावणार? पत्रिकेत कितवं, बॅनरवर किती मोठं, माईकवर कोण घेणार? मागच्या रांगेत टाळ्या वाजवणारीचं नाव कोणी घेत नाही, हे मी बरीच वर्षं पाहिलं आहे. म्हणून नाव आधी.

लोक विचारतात, ताई, जपानी गाणं तुम्हाला कुठे सापडलं? स्वयंपाकघरात सापडलं. हिवाळ्यात मुलगी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि समोर डब्याला मोबाईल टेकवून कार्टून पाहत होती. मी तव्यावर भाकर टाकली आणि मागून एक आवाज आला. पहिल्याच ओळीला थेट वर. ना आलाप, ना तोंडओळख. भाकर करपली.

"हे कोण गाऊन राह्यलं वं?"

"जपानची बाई हाय आई. कार्टूनचं गाणं हाय."

"एवढा आवाज कार्टूनले कायले खर्च केला?"

"तिकडं मोठे मोठे लोकंबी कार्टून पाह्यतात. तुयी भाकर पाह्य आधी."

मी भाकर पाहिली नाही. पुन्हा लाव म्हणाले. तिने पुन्हा लावलं. त्या बाईला कार्टूनच्या सुरुवातीला जेमतेम दीड मिनिट मिळतं. आमच्याकडे दीड मिनिटात अध्यक्षांचं नाव घेऊन होत नाही. या बाईने तेवढ्यात माणूस उठवून बसवला, रडवला आणि शेवटचा सूर अर्ध्यावर सोडून निघून गेली. गाणारीला गाणारी कळते. ही बाई पोटातून गात होती आणि कुठे श्वास घ्यायचा ते तिने पक्कं ठरवलेलं होतं.

मग मी मुलीकडून तिची सगळी माहिती काढली. ती कुठल्यातरी समुद्राकाठच्या गावची. आधी बाजारपेठेत, दुकानांसमोर उभी राहून गायची आणि लोक पिशव्या घेऊन पुढे निघून जायचे. मग एका कार्टूनचं गाणं मिळालं. कंपनीने तिचा चेहरा दाखवायचा नाही असं ठरवलं, कारण लोकांनी आवाज ऐकताना कार्टूनमधली पोरगी डोळ्यांसमोर आणावी. गाणं गाजलं. त्या कार्टूनचा पुढचा सिझन आला तर गाणं दुसऱ्या गायिकेला दिलं. ही घरी. मग पुन्हा एक कार्टून, पुन्हा दीड मिनिट. असं करत करत बरीच वर्षं गेली. शेवटी एका मोठ्या सभागृहात ती स्वतः उभी राहिली आणि लोक कार्टूनचं नाव न घेता तिचं नाव घेऊन ओरडले.

"म्हंजे बाई आपल्याच धंद्यातली हाय," मी म्हणाले.

"आई, ते लय मोठी हाय."

"मोठी असन. पण सिझन संपला की तीबी घरी बसते ना? मंग आपल्यातलीच."

त्या दिवशी मुलीने आणखी एक गोष्ट दाखवली. गाणं चालू असताना चित्राच्या खाली बारीक अक्षरं येतात आणि जातात. तिने बोट ठेवून थांबवलं. "हे पाह्य. हे तिचं नाव. दर भागाले येते." मला ती लिपी येत नाही. चार-पाच आकृत्या, पहिली घराच्या चौकटीसारखी. पण तो आकार मी डोक्यात ठेवून दिला. चेहरा लपवला, तरी नाव लपवलं नव्हतं. दर वेळी, गाणं चालू असतानाच.

गाणं मी कानाने शिकले. लिहून घेतलं नाही, कारण लिहून घेतलं की गाणारी कागदाकडे बघते आणि सूर खाली पडतो. गाडीत, भांडी घासताना, ढोलकवाल्याला शिव्या देता देता पाठ केलं. अर्थ मुलीने सांगितला. पडले तरी उद्या परत लढायला येईन, असं काहीतरी होतं. तो अर्थ मला शिकावा लागला नाही.

पहिल्यांदा ते मी पांढरकवड्याला गायले. हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज असलेल्या घरचं लग्न होतं, भर दुपारचं. नवरदेवाने स्वतः येऊन विचारलं, "ताई, ते तलवारवाल्या कार्टूनचं येते म्हंते तुमाले?" आमच्या मुलीनेच कुठेतरी सांगितलेलं. मी म्हणाले, येते. ढोलकवाला माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याला जपानला चालवत नेणार आहे.

आमच्या कार्यक्रमाची एक रीत आहे. गाणं चालू असताना कोणी खुश झालं की तो उठतो, नोट घेऊन स्टेजवर येतो आणि गायकाच्या कानात आपलं नाव सांगतो. गायकाने तळहात खाली करायचा. ढोलक हळू होते, कीबोर्ड एका सुरावर थांबतो. मग माईकवर सांगायचं, अमुक गावच्या अमुक यांच्याकडून, अमुकच्या नावाने बक्षीस, पार्टी त्यांची आभारी आहे. हात वर केला की गाणं जिथे थांबलं तिथून पुढे. बक्षीस दहा रुपयांचं असो की पाचशेचं, नाव घ्यावंच लागतं. नाव न घेता नोट खिशात घालणारा गायक आमच्याकडे टिकत नाही.

त्या दुपारी जपानी गाण्याच्या मधोमध नवरदेवाचा मामा आला. मी तळहात खाली केला, मामाचं नाव घेतलं, हात वर केला आणि परत जपानीत गेले. मांडव उठला. कोणीतरी मोबाईलवर ते काढलं. तिथून ते फिरत फिरत नागपूरला पोचलं आणि त्या स्टुडिओवाल्याचा फोन आला.

पुढे झरीकडच्या एका कोलाम वस्तीत गायले, तर तिथे कोणाला नवल वाटलं नाही. घरात कोलामी, बाजारात मराठी, पलीकडे तेलुगू, त्यात आणखी एक. एका म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, "ही बाई भांडून राह्यली का रडून राह्यली?" मी म्हणाले, दोन्ही. तो म्हणाला, "मंग बराबर हाय."

स्टुडिओवाला बोलायला गोड. "ताई, ताई" करत होता. बोलणं झालं, नाव टाकायचं ठरलं, तोंडी. आमच्या धंद्यात तोंडचा शब्द पुरतो. मी गेले, काचेच्या खोलीत उभी राहिले, गायले आणि आले. गाणं बाहेर पडलं तेव्हा त्यात ती जांभळ्या केसांची पोरगी होती. माझं नाव वर नाही, खाली नाही, कुठेच नाही. त्याच्या चॅनलचं नाव मात्र कोपऱ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत होतं.

मी नागपूरला गेले.

"ताई, या गाण्यात लोकाइले थेच पोरगी पाह्यजे," तो म्हणाला. "आर्णीची बाई दाखोली तं कोन पाहीन?"

"मले कायले दाखोता? नाव टाका."

"नाव पाह्यलं तं लोकं म्हनतीन, हे तं जपानचं नाई दिसत. आवाज काय ताई, कोनाचाबी राहू शकते."

मी त्याच्या मिक्सरची पिन उपटली. आत काचेमागे कोणीतरी गात होता, त्याचं रेकॉर्डिंग गेलं. त्याचं मला वाईट वाटलं. स्टुडिओवाल्याचं वाटलं नाही. "कोनाचाबी राहू शकते ना? मंग घे आता कोनाचाबी," असं म्हणून मी जिना उतरले. तेव्हापासून दर महिन्याला एक फोन करायचे. उचलला तर विचारायचे, टाकलं का? तो म्हणायचा, पाहू. मी म्हणायचे, पाहा.

हे सगळं चालू असताना यवतमाळच्या एका कॉलेजची दोन मुलं आर्णीला घरी आली. त्यांच्याकडे कार्टूनवाल्या पोरापोरींचा कार्यक्रम होता. तिथे मुलं त्या पात्रांसारखे कपडे घालून येतात. एक मुलगी तलवारवाली बनून स्टेजवर येणार, मागे पडदा आणि पडद्यामागे मी. ती फक्त ओठ हलवणार.

"मॅडम, तुम्ही ट्रॅकवर गायचं. ढोलक-गिलक नको," एकजण म्हणाला.

"चालन. माझं नाव कुठं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मॅडम, त्यात ना, सस्पेन्स राहते. आणि तिकडं जपानमध्येही असंच होतं. ती सिंगर सुरुवातीला चेहरा दाखवतच नव्हती."

मुलाला वाटलं, त्याने मला गप्प केलं. मी मुलीला हाक मारली, मोबाईल मागवला, गाणं लावलं, खालची अक्षरं आली तिथे थांबवलं आणि चौकटीसारख्या आकारावर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

त्याने वाचलं. त्याला ती लिपी थोडी येत होती. त्याने त्या बाईचं नाव घेतलं.

"दर भागाले येते," मी म्हणाले. "चेहरा नोका दाखवू, मी पडद्यामागं गाईन. पण मी गाऊन राह्यली तवा खाली नाव गेलं पाह्यजे. तिथं जाते तसं. तिकडच्या रीतीनं करायचं ना? मंग पुरं करा."

"डन मॅडम."

"डन नोको. मराठीत सांगा."

"ठरलं मॅडम."

त्यांना चहा पाजला. रकमेत मी मुद्दाम थोडी नरम राहिले. नाव मिळालं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिथे पोचले तर साउंड आणि पडदा सांभाळायला कोण? तोच नागपूरचा स्टुडिओवाला, पोरांनी भाड्याने आणलेला. आवाजाच्या टेबलामागे उभा, गळ्यात हेडफोन. त्याने मला पाहिलं आणि पहिल्यांदा मिक्सरच्या पिनेवर हात ठेवला. मी हसले. म्हणाले, "भाऊ, नाव टाकलं ना गाण्याखाली? पोरांनी सांगतलं असन."

"हो हो, हाय ताई."

पडद्यामागे एक खुर्ची होती आणि खुर्चीवर एक बाई सेफ्टी पिना तोंडात धरून बसली होती. ती तलवारवाल्या मुलीची आई. झरीहून पहाटेच्या गाडीने आली होती, कारण लेकीचे जांभळे केस पिनांनी बसवायला दुसरं कोणी नव्हतं. लेक तिथे हॉस्टेलवर राहून शिकते. आई मला म्हणाली, "हे कायचं सोंग हाय वं ताई? मले तं काई समजून नाई राह्यलं. पण पोरगी खुश हाय." मी म्हणाले, माझंही तसंच आहे.

ट्रॅक सुरू झाला. मी पहिली ओळ उचलली. पडद्यावर पुढून कार्टूनचं चित्र टाकलेलं होतं आणि मागून मला ते उलटं दिसत होतं. उलटं तर उलटं, अक्षरं आली असती तर मला दिसलीच असती. पहिलं कडवं गेलं. खाली काही नाही. मधलं संगीत गेलं. काही नाही. कोपऱ्यात एक उलटा शिक्का होता. तो त्याच्या चॅनलचा.

आतून भडका उठला. माईक फेकून टेबलाकडे जावं असं एकदा मनात आलं. पण ट्रॅक चालू होता आणि पुढे ती पोरगी ओठ हलवत होती. गाणं अर्ध्यात टाकणं मला कधीच जमलेलं नाही. मी राग गळ्यात आणला. दुसरं कडवं तसंही रागानेच गायचं आहे. समोर पोरं ओरडायला लागली.

तेवढ्यात ती आई खुर्चीवरून उठली. पिना पदराला लावल्या, कमरेची पिशवी काढली, त्यातली दहाची नोट घेतली आणि थेट माझ्याजवळ आली. आमच्याकडची बाई. गाणं आवडलं की काय करायचं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने माझ्या कानात नाव सांगितलं. स्वतःचं नाही, लेकीचं.

नोट हातात आली आणि माझा तळहात खाली गेला.

ट्रॅक काही हळू झाला नाही. त्याला काय कळतं? पण मी थांबले, आणि त्या जपानी वाजंत्रीवर, मोठ्या स्वच्छ आवाजात म्हणाले, "थोडं थांबा मंडळी! झरीहून आलेल्या मातोश्रींकडून, त्यांची लेक कुमारी," आणि इथे मी तिचं पूर्ण नाव घेतलं, "हिच्या नावानं दहा रुपयांचं बक्षीस! पार्टी त्यांची मनापासून आभारी आहे!"

पुढे स्टेजवर ती पोरगी तलवार वर करून उभी. तोंड उघडं. त्या तोंडातून तिच्या स्वतःच्या नावाचं बक्षीस जाहीर झालं होतं.

मग जो हशा उठला, तो मी पडद्यामागे छातीवर घेतला. मातोश्री म्हणाल्या, "काय झालं? नाव चुकलं का?" मी म्हणाले, "नाव बराबर हाय. तुमी बसा." हात वर केला आणि ओळ पकडायला गेले, तर ट्रॅक कधीच पुढे पळाला होता.

तेव्हा त्या पोरीने केलं ते मी आयुष्यभर लक्षात ठेवीन. तिला रडता आलं असतं, पळता आलं असतं. तिने तलवार खाली ठेवली, पडदा बाजूला सारला, जांभळे केस उपटून आईकडे फेकले आणि माझ्या हाताला धरून मला पुढे ओढलं. माझ्या माईकवर वाकून म्हणाली, "आवाज यांचा हाय. मी तं नुसतं तोंड हलवून राह्यली होती. आणि ते मागं माही माय हाय."

पोरं बाकांवर चढली. "नाव सांगा! नाव सांगा!" सुरू झालं.

माईक माझ्या हातात होता. स्वतःचं नाव स्वतः सांगायला एक श्वास पुरला असता. पण मी आवाजाच्या टेबलाकडे बोट केलं आणि म्हणाले, "नाव त्या भाऊले मालूम हाय. थे सांगतीन."

सगळी सभा त्याच्याकडे वळली. त्याच्यापुढेही माईक होता. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. पोरं ताल धरून टाळ्या वाजवायला लागली. त्याने घसा साफ केला आणि माझं नाव घेतलं. नुसतं नाव घेतलं. मी मान हलवली नाही. मग त्याने आडनाव घेतलं. मी तरी उभीच. मग म्हणाला, "आर्णी." तेव्हा मी हात वर केला, म्हणाले, "ट्रॅक पहिल्यापासून लाव," आणि गाणं पुढे उभी राहून गायले, पूर्ण.

बक्षिसाचं ते मी मुद्दाम केलं असं तो आजही लोकांना सांगतो. मुद्दाम करायचं असतं तर मी दहाच्या नोटेची वाट पाहिली नसती. नोट हातात आली की नाव निघतं, एवढंच. त्याला ते कळत नाही, कारण त्याने कधी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर तो केबल गुंडाळत होता. मी जाऊन त्याच्या डब्यावर बसले. माईक अजून माझ्याच हातात होता.

"झालं ना आता ताई? सगळ्याइसमोर घेतलं नाव."

"इथल्या लोकाइनं ऐकलं. नेटवरच्या लोकाइनं कुठं ऐकलं?"

"बरं, व्हिडिओच्या खाली लिहून टाकतो. आताच्या आता."

"खाली लिहिलेलं कोन वाचते? गाण्यावर पाह्यजे. गाणं चालू असताना. आवाज वर जाते ना, तिथं."

तो कपाळाला हात लावून खाली बसला. "ताई, तसं नाई करता येत. चढवलेला व्हिडिओ बदलत नाई. तो काढा लागन, नवा चढवा लागन. इतक्या लोकाइनं पाह्यला, थे सगळं जाईन. शून्य होईन. समजून राह्यलं का तुमाले? शून्य!"

मला ते माहीत नव्हतं. मी विचार केला. इतक्या लोकांनी पाहिलेलं, वा वा केलेलं, सगळं जाणार. पण पाहिलेलं कोणाला होतं? त्या जांभळ्या केसांच्या पोरीला. ती बाई बाजारपेठेत पिशव्यावाल्यांसमोर उभी राहायची तेव्हा तिचाही आकडा शून्यच असणार.

"काढा," मी म्हणाले.

"ताई, नुसकान तुमचंबी हाय."

"थे त्या पोरीचे होते. माहे माह्यापासून मोजू. काढा लॅपटॉप."

"आता? इथं?"

"माईक पाह्यजे ना वापस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, माईककडे पाहिलं आणि डब्यावरच्या केबली बाजूला सारून लॅपटॉप उघडला. मातोश्री आणि त्यांची लेक बसची वाट पाहत तिथेच येऊन उभ्या राहिल्या. नाव गाण्यात कुठे टाकायचं ते मी बोट ठेवून दाखवलं. त्याने जुना व्हिडिओ काढला, नवा चढवला. पोरीने आपल्या मोबाईलवर शोधला आणि आईसमोर धरला. आवाज वर गेला तिथे खालून माझं नाव आलं आणि गेलं, गावासकट.

"एक झाला," ती पोरगी म्हणाली.

मी माईक परत केला.